माऊसला बाईंनी हात लावायचा नाही : समाजमंदिरातला संगणक आणि नोकरीशोधाचा वर्ग

भोसरी एमआयडीसीला खेटून असलेल्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मी संगणकाचा वर्ग घेते. त्याआधी माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. गोदरेज आणि रेमिंग्टनची यंत्रं, दिवसभर खडखडाट आणि मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला बसणारी पोरं. यंत्रं भंगारात गेली, मी राहिले. आता जे येतात त्यांना काम हवं असतं, तेही लवकर. बारावी झालेली मुलगी, आयटीआयचा फिटर, पोरं मोठी झाल्यावर मोकळी झालेली ताई, कॉन्ट्रॅक्ट संपल्यामुळे पन्नाशीत घरी बसलेले दादा. आपल्या भागात असा वर्ग सुरू करावा असं मनात असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक माप आधी ठरवा. माणूस वर्गातून बाहेर पडेल तेव्हा त्याच्याकडे स्वतःच्या नावाचा ईमेल, स्वतःला ठाऊक असलेला पासवर्ड, स्वतः टाईप केलेला बायोडाटा आणि स्वतः भरलेला निदान एक अर्ज असला पाहिजे. यातलं काहीही तुम्ही करून दिलंत, तर पुढच्या अर्जाला तो पुन्हा तुमच्या नाहीतर सायबर कॅफेच्या दारात उभा राहणार.

जागा आणि वेळ

समाजमंदिर मिळवणं अवघड नसतं, ते टिकवणं अवघड. हळदी-कुंकू, साखरपुडा, पोलिओचा डोस, मतदार नोंदणी, मंडळाचं सामान, सगळ्यांचा त्या हॉलवर हक्क असतो आणि तो खराही असतो. म्हणून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि वेळ दारावर रंगवून टाका. किल्ली कोणाकडे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. अशा हॉलमध्ये बहुधा दोनच सॉकेट धड असतात आणि अर्थिंग नुसतं नावाला. एका एक्स्टेन्शन बोर्डावर सगळी मशीनं लावण्याचा मोह टाळा.

वेळ विचारून ठरवा. पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी दिवसाआड येतं, पाण्याच्या दिवशी बायका येत नाहीत. त्यांना गैरहजर मांडून रागावण्यापेक्षा वर्गच दिवसाआड ठेवा, कोरड्या दिवशी. बायकांसाठी दुपारी अडीच ते साडेचार बरं, तेवढ्यात भांडी झालेली असतात आणि पोरं शाळेतून यायची असतात. शिफ्टवाल्यांची वेळ दर आठवड्याला फिरते, त्यांना सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही वेळा मोकळ्या ठेवा.

मशीनं जुनी चालतात. कंपन्या ऑफिसचे डेस्कटॉप बदलतात तेव्हा जुने स्वस्तात मिळतात. त्यात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या, निम्मा त्रास तिथेच संपतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ बहुधा चढत नाही. तिथे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आणि वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस घाला, दोन्ही फुकट आहेत. एका मशीनवर मात्र खरं एक्सेल हवंच, कारण मुलाखतीला बसवतात तेव्हा समोर तेच असतं. प्रिंटर घेऊ नका. शाई वाळते, कागद अडकतो आणि तुम्ही वस्तीचे झेरॉक्सवाले होऊन बसता.

फी घ्यायची की नाही यावर वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे, थोडी घ्या. महिन्याचा इंटरनेट रिचार्ज निघेल एवढी. फुकटच्या वर्गाला पाहुणे आले तरी दांडी पडते.

पहिला दिवस : हात पाठीमागे

संगणकाचा इतिहास, इनपुट-आउटपुट, सीपीयूचं चित्र, यातलं काही शिकवू नका. राज्यात एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे, ते प्रमाणपत्र घेतलेली मुलंही माझ्याकडे येतात. त्यांना व्याख्या पाठ असतात, ईमेलला फाईल जोडता येत नाही.

पहिल्या दिवशी फक्त माऊस. सॉलिटेअर लावून द्या. पत्ता उचलायचा, ओढत न्यायचा, सोडायचा. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर हा खेळ आला तेव्हा त्यामागे हाच हेतू होता, लोकांना ओढून सोडायची सवय व्हावी. बायका आधी लाजतात, "बाई, पत्ते?" म्हणतात, आणि मग वेळ संपली तरी उठत नाहीत.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे माऊस टेबलाच्या कडेला पोचला की माणूस थांबतो. पडद्यावरचा बाण मध्यावरच असतो, पण हात पुढे जाणार कुठे? माऊस उचलून परत मध्ये ठेवायचा, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. ते मुद्दाम सांगा. डबल क्लिक जमत नसेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबा म्हणावं. पन्नाशीच्या बोटांवर त्यासाठी जोर करण्यात अर्थ नाही.

आणि शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. हा आमच्या वर्गाचा एकमेव नियम, फळ्याच्या वरच लिहिलेला: माऊसला बाईंनी हात लावायचा नाही. कोणी अडलं की आपला हात आपोआप पुढे जातो, दोन सेकंदात काम होतं आणि समोरच्याला काय झालं ते कळतही नाही. तोंडाने सांगा. "वर डाव्या कोपऱ्यात बघा, तीन आडव्या रेघा दिसतात का?" मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हे सर्वात जड जातं. त्यांना पहिले काही दिवस माझ्या शेजारी नुसतं उभं राहायला सांगते.

कीबोर्डाचं एक उदाहरण देते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते ध्यानात येईल. ईमेल लिहिताना ॲट द रेटचं चिन्ह लागतं. "शिफ्ट आणि दोन" असं सांगितलं की बहुतेक जण शिफ्ट दाबतात, सोडतात आणि मग दोन दाबतात. पडद्यावर दोनचा आकडा येतो. पुन्हा करतात, पुन्हा दोन. दुसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर "आपल्याला नाही जमायचं" दिसू लागतं. खरं तर मोबाईलवर असंच असतं, बाण दाबायचा, सोडायचा, मग मोठं अक्षर उमटतं. त्यांची सवय बरोबर आहे, यंत्र वेगळं आहे, हे त्यांना तेव्हाच्या तेव्हा सांगा. मग उजव्या करंगळीने उजवी शिफ्ट दाबून धरायला लावा आणि डाव्या हाताने दोन दाबायला. टायपिंगचा जुना नियमच आहे, अक्षर डाव्या हाताचं तर शिफ्ट उजव्या हाताची. एकदा उमटलं की पूर्ण ओळ भरून तेच चिन्ह काढत बसतात. बसू द्या.

ईमेल कोणाचा?

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ईमेल. आधी विचारा, आहे का. बहुतेकांचा असतो, सायबर कॅफेवाल्याने काढलेला, पासवर्ड त्याच्या वहीत. किंवा मोबाईल घेतला तेव्हा दुकानदाराने काढलेला, ज्याचं नाव मालकालाही माहीत नाही. मुलांचे असतात ते "डेंजर किंग" छापाचे. जुना सोडा, नवा काढा. नाव, आडनाव, लागलाच तर एखादा आकडा. जन्मसाल टाकू नका, वय आधीच कशाला सांगा.

रिकव्हरीला मोबाईल नंबर शिकणाऱ्याचाच हवा. बायका नवऱ्याचा किंवा मुलाचा देतात. मग ओटीपी येतो तेव्हा नवरा कामावर असतो आणि अर्ज तिथेच राहतो. स्वतःचं सिम नसेल तर आधी सिम घ्या, वर्ग पुढच्या आठवड्यात. आणि रिचार्ज संपून नंबर महिनोन्महिने बंद राहिला तर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, हेही सांगा. पुष्कळांचे बँक, आधार आणि ईमेलचे नंबर असेच तुटलेले असतात.

पासवर्ड वहीत लिहून ठेवायला मी सांगते. जाणकार मंडळी यावर नाकं मुरडतात. मुरडू देत. रेशनकार्ड जिथे ठेवता तिथे ती वही ठेवा. आमच्या लोकांचा पासवर्ड चोर नेत नाही, विसर नेतो. वर्गाच्या मशीनवर मात्र ब्राउझर गेस्ट विंडोतच, म्हणजे बंद केली की मागे काही न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडायला लावा आणि "पासवर्ड सेव्ह करू का" या प्रश्नाला नाही म्हणायला शिकवा.

बायोडाटा : आधी गप्पा, मग टायपिंग

यावर सर्वात जास्त वेळ द्या. स्टेशनरीच्या दुकानात जो छापील बायोडाटा मिळतो त्यात वडिलांचं नाव, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, छंद, आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" असं प्रतिज्ञापत्र असतं. काम काय येतं याला दोन ओळी. तो कागद लग्नाच्या स्थळासाठी चालेल.

मी आधी मशीन बंद ठेवून बोलते. अशा गप्पा साधारण अशा होतात:

"ताई, काय काम करता?"
"काही नाही, घरीच असते."
"भिशी आहे का तुमची?"
"आहे ना. मीच चालवते."
"किती जणी?"
"बावीस."
"हिशोब कुठे ठेवता?"
"वहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला."
"आणि कोणी पैसे थकवले तर?"
"थकवेल कशी? घरी जाऊन बसते मी."

झाला बायोडाटा. बावीस सदस्यांचा मासिक हिशोब ठेवला, जमा-खर्चाच्या नोंदी केल्या, थकबाकीचा पाठपुरावा केला. हेच साध्या इंग्रजीत तीन ओळींत लिहायचं. दुकानातलं कॅश काउंटर, स्टोअरमधला स्टॉक, ऑफिसातलं बॅक ऑफिस, तिन्हीकडे याच कामाची गरज असते. डबे करणारी ताई, लग्नात केटररकडे वाढपाचं काम पाहणारा मुलगा, गणपतीची वर्गणी सांभाळणारा मंडळाचा खजिनदार, सगळ्यांकडे असं काहीतरी निघतं. ते खोदून काढणं हे तुमचं काम, टाईप करणं त्यांचं.

हल्ली मुलं चॅटजीपीटीकडून बायोडाटा लिहून आणतात. भाषा गुळगुळीत, "डायनॅमिक" आणि "रिझल्ट ओरिएंटेड" ठासून भरलेलं. मी हाकलून देत नाही. मोठ्याने वाचायला लावते आणि प्रत्येक ओळीचा मराठीत अर्थ विचारते. जी ओळ सांगता आली नाही ती खोडायची. मुलाखतीत नेमकं तिथेच बोट ठेवतात.

एक पान, फोटो मागितला तरच, फाईल पीडीएफ. फाईलला स्वतःचं नाव द्या, "न्यू फायनल टू" नको. ती ड्राइव्हवर ठेवा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवा, म्हणजे गेटवर उभ्याउभ्या कोणी मागितली तर मोबाईलवरून देता येते.

नावाचा घोळ इथेच निस्तरा. दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. सरकारी अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव मागतात. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात प्रसिद्ध झालेली नोंद हाताशी असू द्या. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे सुचून उपयोग नसतो.

बँकांच्या भरतीचे अर्ज अडतात ते फोटो आणि सहीपाशी. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या पेनाने सही, खिडकीशी उजेडात मोबाईलने फोटो, कडा कापायच्या, मग आकार कमी करायचा. हा एक पूर्ण तास द्या आणि तयार फाईली प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या.

मराठी टायपिंगचं थोडक्यात सांगते, नाहीतर मी थांबायची नाही. युनिकोडच शिकवा, ते कुठल्याही मशीनवर सारखंच दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की अगम्य अक्षरं दिसतात. नुसत्या ईमेलपुरतं मराठी हवं तर फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप करून मराठी उमटवणं, पुरतं. पण सरकारी लिपिकाच्या जागांवर डोळा असेल तर इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालून मराठी तीसची परीक्षा द्या, तिथे समाजमंदिर पुरत नाही.

पगाराचं गणित एक्सेलवर

एक्सेल शिकवताना पुस्तकातली मार्कांची यादी घेऊ नका. पगाराची पावती घ्या. समजा एजन्सीवाला सांगतो, अठरा हजार. त्यात बेसिक पंधरा हजार धरा. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० गेले. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, १३५ रुपये. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. हातात आले १५,८६५. बायकांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, म्हणजे तिला १६,०६५. मग त्यातून बसचा पास, दुपारचा डबा आणि मुलाला सांभाळायला ठेवलं तर त्याचे पैसे वजा करा.

बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, सूत्र खाली ओढणं, सगळं यात येतं. शिवाय माणूस एजन्सीला विचारायला लागतो, "अठरा हातात की कागदावर? पीएफ नंबर कोणाच्या नावे? आठ तास की बारा?" हे प्रश्न मी वर्गात पाठ करून घेते, पाढ्यांसारखे.

शोधायचं कुठे, आणि फसायचं कसं नाही

केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे, नोंदणी फुकट, हेल्पलाईन १५१४. राज्याचं महास्वयम आहे. पूर्वी सेवायोजन कार्यालयात रांग लावून कार्ड काढायचो ती नोंदणी आता तिथे होते आणि रोजगार मेळाव्यांच्या तारखाही मिळतात. आयटीआयवाल्यांनी शिकाऊ उमेदवारीचं पोर्टल आधी बघावं. नोकरीची ॲप्स मोबाईलवर आधीच असतात, ती कशी वापरायची ते शिकवा. नुसतं "जॉब" लिहिलं की सगळं जग समोर येतं. "स्टोअर असिस्टंट भोसरी", "बॅक ऑफिस मोशी", असं काम आणि जागा मिळून शोधायचं, मग जाहिरात कधीची ते पाहायचं. महिन्यापूर्वीच्या जाहिरातीवर जीव काढू नये. आणि एमआयडीसीच्या गेटवरचे बोर्ड वाचायला जाणं थांबवू नका. फिटर, पॅकिंग, हाऊसकीपिंगच्या पुष्कळ जागा पोर्टलवर कधी येतच नाहीत.

फसवणुकीसाठी वेगळा तास ठेवू नका, रोज पाच मिनिटं द्या. कोणाला काय मेसेज आला तो मोठ्याने वाचायचा आणि सगळ्यांनी मिळून फोडायचा. नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, गेटपास, लॅपटॉपचं डिपॉझिट. व्हिडिओ लाईक करा आणि दिवसाला हजार कमवा. घरबसल्या फॉर्म भरा, आणि मग "करार मोडला" म्हणून वकिलाची खोटी नोटीस. आमच्या वर्गातल्या एका मुलीला अशी नोटीस आली तेव्हा तिच्या आईने कानातलं गहाण ठेवायची तयारी केली होती. नोकरीत पैसे मालकाकडून कामगाराकडे येतात, उलट दिशेने कोणी मागितले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आधारची प्रत मागितली तर आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्यायची, ती डाऊनलोड करायला वर्गातच शिकवा.

फोन उचला

अर्ज केला, दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि आपली मंडळी तो उचलत नाहीत, कर्जवाल्याचा असेल म्हणून. किंवा उचलतात आणि "कोण?" एवढंच. याची तालीम घ्या. एकाने बाहेर ओट्यावर जाऊन आतल्याला फोन करायचा. "नमस्कार, मी बोलते आहे." मागे टीव्ही चालू असेल तर "एक मिनिट, बाहेर येते" म्हणायचं. कंपनीचं नाव, पत्ता, वेळ आणि कोणाला भेटायचं, हे फोनवर असतानाच लिहून घ्यायचं. कॉलरट्यून काढून टाका.

त्यासाठी प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता आखून द्या. तारीख, कंपनी, कुठल्या कामासाठी, कुठून अर्ज केला, फोन आला का. ज्याने भाराभर अर्ज केले त्याला समोरच्याने कंपनीचं नाव सांगितल्यावर काही आठवत नाही, आणि ते फोनवर लगेच कळतं. व्हिडिओवर मुलाखत असेल तर समाजमंदिराची मागची खोली द्या. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर हवा, स्टँड नसेल तर तांदळाच्या डब्याला टेकवा, तोंड खिडकीकडे.

नोकरी लागली की माणूस वर्गातून जातो, पण पहिला पगार होईपर्यंत त्याला यादीत ठेवा. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, चालू करणं, पगाराची पावती डाऊनलोड करणं, बँकेत आलेली रक्कम ताडून पाहणं, ही कामं तेव्हाच लागतात. आणि त्याच्यावर एक काम सोपवा. कंपनीच्या गेटवर नवीन बोर्ड लागला की फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकायचा, खाली तारीख आणि कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहून. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं चालत नाहीत, पहिल्या फुलाला मी स्वतः फोन करते.